विषय : पंचवीस तासांच्या दिवसाबाबत

घनसावंगीच्या एका सरकारी कार्यालयातले वरिष्ठ सहायक राजानंद यांना अटलांटिक महासागर ओलांडायचा होता. कोणत्या दिशेने, एवढंच ठरायचं होतं.

मुलगी साक्षी न्यूयॉर्कजवळ नोकरीला होती. तिने आईवडिलांसाठी जहाजात सात रात्रींची खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. विमानाने इंग्लंडला उतरून जहाजाने पश्चिमेला तिच्याकडे जायचं, नाहीतर आधी विमानाने तिच्याकडे जाऊन परतताना जहाजाने पूर्वेला इंग्लंड गाठायचं.

"समुद्र तोच, खर्चा तेवढाच, पप्पा," साक्षी फोनवर म्हणाली. "फरक घड्याळाचा. पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागं करतात, म्हणून दिवस पंचवीस तासांचा होतो. पूर्वेला जाताना पुढं करतात, मग तेवीस तासांचा."

"मंग पश्चिमच," राजानंदांची बायको बेबीनंदा म्हणाली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण जालन्यातल्या मस्तगडहून दोन स्वेटर आणून ठेवले होते. "तीस वर्षं झाली, पाचला उठून राह्यले मी. पाच दिवस एकेक तास जास्ती झोपीन."

प्रकरण इथंच मिटायचं. पण खुलासा कोणी मागण्याआधीच तो जोडायची राजानंदांना सवय होती. तीस वर्षांत त्यांची एकही फाईल त्रुटीत निघाली नव्हती, ती या सवयीमुळेच. परदेशप्रवासाच्या ना हरकत अर्जाला त्यांनी परिशिष्ट जोडलं : 'प्रवासकाळात पाच दिवस प्रत्येकी पंचवीस तासांचे असतील, याची कृपया नोंद घ्यावी.'

जालन्याच्या वरिष्ठ कार्यालयाने नोंद घेतली.

"राजानंदराव, लिहिलं नसतं तर आतापर्यंत सही झाली असती," तिथले अधीक्षक बद्रीनाथ हळहळले. "रजा दिवसाची असते आणि दिवस चोवीस तासांचा. वरचे पाच तास कोणत्या रजेवर राहणार तुम्ही?"

"झोपेत राहीन, साहेब."

"विनापरवानगी?"

राजानंदांनी दिशा बदलली. बेबीनंदाने झोपेवर पाणी सोडलं. "समुद्र तर दिसंल," ती म्हणाली.

पूर्वेच्या अर्जावर शेरा आला : 'दिवस तेवीस तासांचे असल्याने उर्वरित पाच तास कर्मचारी कोठे होता, याचा पुरावा जोडावा.' साक्षीने पृथ्वीची आकृती काढून पाठवली, त्यात रेखांशही दाखवले. फाईल पुन्हा परत आली : 'पृथ्वी फिरते याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला आढळून येत नाही.'

हा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा प्रत्यक्ष पाहणीसाठी बद्रीनाथांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. पाहणी एकतर्फी होऊ नये म्हणून समिती जहाजाने पश्चिमेला गेली आणि जहाजानेच पूर्वेला परतली. सदस्यांच्या पत्नी पंच म्हणून सोबत होत्या. साक्षीने धरलेल्या खोलीची मुदत एव्हाना संपली होती. ती खोली नेमकी बद्रीनाथांना मिळाली. 'खिडकीतून समुद्र बराबर दिसतो,' असं त्यांनी मध्यसमुद्रातून राजानंदांना कळवलं.

समितीचा अहवाल एकमताने आला. घड्याळ फिरतं. पंचवीस तासांच्या दिवसांत सदस्यांची झोप उत्तम झाली, सबब कर्मचाऱ्यांना पश्चिमवेळ लागू करावी. तेवीस तासांच्या दिवसांत जेवणाची वेळ लवकर झाली, सबब जनतेस पूर्ववेळ लागू करावी. म्हणजे कार्यालय अकराला उघडणार, कारण कर्मचाऱ्यांचे तेव्हा दहा वाजलेले असणार, आणि खिडकी चारलाच बंद होणार, कारण जनतेचे तेव्हा पाच वाजलेले असणार. राजानंदांनी पुढच्या हंगामासाठी नव्याने अर्ज करावा, असंही शेवटच्या ओळीत होतं.

ते तो अर्ज घेऊन बसने जालन्याला गेले. पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. खिडकी बंद होती.

हा अन्याय आहे, असं परतीच्या वाटेवर त्यांना स्पष्ट दिसलं. सकाळी लवकर उठून तक्रार लिहायचं त्यांनी ठरवलं.

सकाळी ते उठले नाहीत.

"काहून उठले न्हाई? च्या थंडा झाला," बेबीनंदा म्हणाली. ती पाचलाच उठली होती.

"पश्चिमवेळ लागू झालीय."

"आन् मला कोणती?"

अहवालात तिची नोंद नव्हती. राजानंद पांघरुणात वळले. झोप खरंच उत्तम होती.

त्या दुपारी रहिवासी दाखल्यासाठी दहापासून उभे असलेले तातेराव खिडकीशी पोचले, तेव्हा राजानंदांचा हात झडपेवर होता.

"साहेब, मह्या घड्याळात चारच वाजले."

"तुमचं घड्याळ मागं आहे, तातेराव. उद्या या."

तातेरावांनी मनगटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि काटा एक तास पुढं केला. त्यांच्या मागं रांगेत बावीस जण होते. एकेकाने मुकाट्याने आपलं घड्याळ लावून घेतलं.

वाचणाऱ्यांनीही हसणं झाल्यावर आपल्या मनगटाकडे एकदा बघावं. काटा आपण नेमका केव्हा पुढं केला, हे सहसा कोणाला आठवत नाही.