प्रारूपाप्रमाणे नळ वाहता आहे

कार्शी शहरातल्या विद्राव संस्थेत मंगळवारी सकाळी एक गंभीर बाब उघडकीस आली. मीठ संस्थेच्या गणिती प्रारूपाचे पालन करीत नव्हते.

प्रारूप होते संचालक सुवानकुलॉव यांचे; सगळे त्यांना दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणत. पाण्यात मीठ किती विरघळते ते त्यांनी मोजले होते, मद्यार्कात किती तेही मोजले होते. दोन्हींच्या मिश्रणासाठी मधून सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेवर ते डॉक्टर झाले. प्रयोगशाळेतल्या सांगिनोय आपांनी मात्र मिश्रण खरेच करून त्यात रेघेप्रमाणे मीठ घालून पाहिले. भांड्याच्या तळाशी दोन बोटे मीठ बसले.

"दोमला, हेच मिश्रण कारखान्याच्या नळातून जायचंय. नळ तुंबेल हो."

"तुमचं भांडं नीट धुतलेलं नसेल, आपा."

"सात वेळा धुतलं. साती वेळा मीठ खालीच."

"म्हणजे सात चुका केल्यात!"

दोमलांनी आपांचा प्याला चहाने काठोकाठ भरला. पाहुण्याने आता उठावे, हे आमच्याकडे असेच सांगतात. "निवृत्तीला अकरा महिने राहिलेत ना? प्रारूप बरोबर आहे म्हणून सही करा. नाहीतर कारखान्यात बदली."

आपांनी बिस्मिल्ला म्हणून चहा संपवला. सही केली नाही. बदली झाली.

तिसऱ्या आठवड्यात नळ तुंबला. चौकशी समिती आली, तुंबलेल्या नळाला टेकून उभी राहिली, प्रारूप उघडून पाहिले आणि नोंद केली : 'प्रवाह सुरळीत.' आता वाहता नळ साफ करणे म्हणजे सरकारी श्रमाचा अपव्यय. तेव्हा 'प्रवाहास तात्पुरते साहाय्य' म्हणून बारा जणांनी मिश्रण बादल्यांतून वाहावे, असे ठरले. बाराव्या आपा.

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि हातात बादली?" मुकादम बारात अका हळहळले.

"मी आता प्रवाह आहे, अका. वाट सोडा."

बादल्यांची नोंद नळाच्या नावे होऊ लागली. आकडे प्रारूपाशी तंतोतंत जुळले. दोमलांना पदक मिळाले. मध्ये दोन दिवस आपांची कंबर धरली, तर त्यांना नोटीस आली : 'प्रारूपापासून विचलन का झाले, खुलासा करावा.' आपांनी खुलासा केला, 'नळ तुंबला आहे.' उत्तर विषयाला सोडून असल्याने नाकारण्यात आले आणि निवृत्ती खुलासा मान्य होईपर्यंत पुढे ढकलण्यात आली.

मग हा चमत्कार पाहायला पाहुणे आले. भली माणसे. वाचनाची आवड असलेली, खोटेपणाची चीड असलेली, अगदी तुमच्याआमच्यासारखी. पडद्यावर प्रवाहाचा हिरवा आकडा लुकलुकत होता. त्याचा फोटो काढायला ती दाटीवाटीने उभी राहिली. आपा बादली घेऊन नेमक्या आडव्या आल्या.

"नळाला एकदा कान लावून बघता का?" त्या हळूच म्हणाल्या.

"बघू हं," पाहुणे अदबीने म्हणाले, "आधी जरा बाजूला व्हा, बाई. पडदा दिसत नाहीये."