उडीद प्यालेली जीप

सिद्धलिंगअप्पांच्या जीपने सकाळपासून तिसरी घागर रिचवली, तेव्हा उमाबाईंनी रिकामी घागर बॉनेटवरच आदळली.

"आवो, ही गाडी हाय का रांजण? आन् रांजण तरी पानी धरून ठेवतो!"

अप्पा जीपखाली उताणे होते. बाहेर नुसते पाय दिसत होते. पायांकडून उत्तर आलं, "रेडिएटर गळलालंय. जरासं."

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आभाळ मात्र जुनंच, दोन सालांपासून कोरडं. चाकूरच्या गल्लीतल्या आडावर सकाळी रांग लागायची आणि घागरीत निम्मा गाळ यायचा. असल्या दिवसांत पिठाच्या गिरणीचे मालक सिद्धलिंगअप्पा यांनी सरकारी लिलावातून लढाईच्या काळातली जीप आणली. आणली म्हणजे बैलगाडीत घालून, तुकड्यातुकड्यांनी. गंजलेले बोल्ट त्यांनी महिनाभर रॉकेलात भिजवले. कार्बोरेटरची बारीक भोकं केरसुणीच्या काडीने साफ केली. गिरणीच्या जुन्या पट्ट्यांनी सीटं मढवली, ताडपत्रीचं छत स्वतः दाभणाने शिवलं. वर्षाच्या शेवटी इंजिन पहिल्यांदा बोललं, तेव्हा पोटचं लेकरू बोलावं तसे अप्पा डोळे पुसत हसले. उमाबाईंनी दारातूनच ओवी टाकली,

"सवत आणिली बाई गं, चार चाकांची लोखंडी
तिला तेलाची आंघोळ, माझी कोरडी गं हंडी!"

दुसऱ्या दिवशी ती गल्लीभर झाली.

आणि आता देगलूरला उमाबाईंच्या भाच्याचं लग्न होतं.

"तुमच्या जीपमधी येते मी," त्यांनी सांगून टाकलं, "पर वाटंत बंद पडली, तर आल्यावर वीरभद्राला बलवायचं. कबूल?"

वीरभद्र म्हणजे भंगारवाला. तो येता-जाता त्या जीपकडे जत्रेतल्या जिलबीकडे बघावं तसा बघायचा.

"कबूल," अप्पा म्हणाले खरे, पण रेडिएटरचं गळणं थांबेना. उदगीरच्या गॅरेजवाल्या उस्तादाने सोपा उपाय सांगितला होता: एक अंडं फोडून आत टाकायचं, गरम पाण्यात शिजून ते भोकं बुजवतं.

"अंडं?" उमाबाईंनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "ते उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर!"

अंडं नको, तर चिकट काय? अप्पा गिरणीत जात्याजवळ बसून विचार करत राहिले आणि त्यांना जुने गवंडी आठवले. चुन्यात उडदाचं पीठ मळून बांधलेल्या भिंती दोन-दोनशे वर्षं हलल्या नाहीत. रेडिएटर काय चीज! त्यांनी ताजं दळलेलं चार ओंजळी उडदाचं पीठ आत सोडलं. तासाभराने बघितलं, तर एक थेंब नाही. अप्पांना स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की त्यांनी आरशात बघून मिशी नीट केली.

लग्नाच्या दिवशी सकाळी जीप निघाली. डोक्यावर पदर, मांडीवर हळदीचा डबा आणि आहेराचं गाठोडं घेऊन उमाबाई ताठ बसल्या होत्या. वारा लागला तसा पदर सुटला, चेहराही सुटला.

"पळती बरी की," त्या पुटपुटल्या.

अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कान मात्र लाल झाले.

वाटेवरच्या बोरतळ्याचा चढ लागला आणि आधी वास आला.

"कुनाच्या घरी उडदाचं घुटं शिजलालंय?" उमाबाईंनी नाक वर केलं.

आसपास घर नव्हतं. फाट् करून झाकण उडालं आणि बॉनेटखालून पांढरा, जाड फेस उसळून काचेवर पसरला. चार ओंजळी उडीद इंजिनाच्या आचेवर मनापासून शिजले होते. जीप एक आचका देऊन थांबली.

उमाबाईंनी काचेवरचा फेस बोटावर घेऊन निरखला. "फोडनी राहिली जी."

अप्पांसमोर त्यांची वर्षभराची मेहनत शिजून पडली होती.

फाट्याकडून आरडाओरडा आला. बोरतळ्याच्या बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन तिथे बसल्या होत्या. त्यांनी फौजी रंगाची जीप बघितली आणि धावल्या.

"सायेब आले! नव्या जिल्ह्याचे सायेब आले!"

सगळ्यांत पुढे म्हातारी दानम्मा, काठी टेकत, काखेत अर्धी भरलेली घागर. "सायबाची गाडी तापलीया. वता गं, आपलं पानी वता! गाडी चालली तर टँकर येईल."

गप्प राहिलं, तर पाणी मिळत होतं. देगलूर गाठता आलं असतं. अप्पांनी उमाबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या, काही सुचवत नव्हत्या. अप्पा खाली उतरले आणि हात जोडले.

"अव्वा, थांबा. म्या सायेब न्हाई. चाकूरचा गिरनीवाला हाय. हे उडदाचं पीठ म्याच टाकलोय. तुमचं पानी वाया घालू नका."

घागरी थबकल्या. दानम्मा काठी टेकत बॉनेटपाशी आली. मग म्हणाली,

"सायेब न्हाईस म्हून काय गाडीची तहान खोटी हाय व्हय?"

इंजिन निवल्यावर तिने स्वतः पहिली धार धरली. घराघरातून एकेक तांब्या आला. आतला घाटा खालच्या तोटीतून काढून काढून घमेल्यात धरला, तो दोन म्हशींनी चाटून पुसून खाल्ला. रेडिएटर स्वच्छ झाला आणि पुन्हा टपटपू लागला. अप्पांनी कपाळाला हात लावला.

उमाबाई खाली उतरल्या. हळदीच्या डब्याचं झाकण काढलं आणि दोन मुठी हळद रेडिएटरात टाकली.

"आगं, लग्नाची हळद!"

"जखमंला काय लावत्यात? घुटं लावत्यात का?" त्या म्हणाल्या. "करा चालू."

इंजिन चालू झालं. हळद भोकांशी बसली. थेंब थांबले. पंचवीस वर्षं ज्या बाईला आपण फक्त गिरणीतल्या पिठाचा हिशेब शिकवला, तिच्याकडे अप्पा बघतच राहिले.

देगलूरला पोचले तेव्हा अक्षता पडून पंगत उठत होती. भाच्याच्या कपाळावर उरल्या हळदीचं बोट टेकवून उमाबाई हसल्या, पण अप्पांना आपण दिलेला शब्द आठवत होता. परतल्यावर त्यांनी स्वतःच वीरभद्राला निरोप धाडला. जीप वाटेत बंद पडली होतीच.

वीरभद्र मोठा हातोडा घेऊन आला. अंगणात बघतो, तर जीपच्या मागच्या बाजूला दोन पिंपं, त्यात गल्लीतल्या प्रत्येक घरचं एकेक घागर पाणी, आणि पुढच्या सीटवर उमाबाई.

"वैनी, उतरा. तोडायला आलोय."

"न्हाई तोडायची. बोरतळ्याचं पानी प्यालीया ती. पैलं ते नेऊन देणार."

"मंग परत आल्यावर?"

"आल्यावर आनखी न्यायचं."

"कवर?"

"पाऊस पडंस्तवर." उमाबाईंनी अप्पांकडे वळून न बघता सांगितलं, "बसा की. चालवायला मला येतंय व्हय?"

अप्पांच्या हाताला स्टिअरिंग सापडायला वेळ लागला. समोरचं अंधुक दिसत होतं. त्यांनी स्टार्टर दाबला. जीप खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा दाबला. पुन्हा गप्प.

उमाबाईंनी मान बाहेर काढली.

"वीरभद्रा, ते हातोडं ठिव खाली. लाव मागून हात."

आणि वीरभद्राने, जिलबी तोंडातून निघून चाललेल्या माणसाच्या चेहऱ्याने, जीपला धक्का मारला.