चुकलेली जोडी

"किती वेळ लागेल रे?" कंपनीचे मालक सी तिजानींनी दारातूनच विचारलं.

"पाच मिनिटं," नौफल म्हणाला आणि तिथेच फसला.

स्फाक्समधल्या त्या ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत संगणकांचं सगळं एकटा नौफल बघायचा. इटलीच्या ग्राहकाने अट घातली होती: घुसखोर अडवणारा सेन्सर बसवा, तपासणीत पास व्हा, मगच करार. तपासणी दहाला होती. ट्यूनिसच्या तपासनीस मादाम सिहेम आपल्या ऑफिसात बसून, बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा प्रयत्न करणार होत्या. सेन्सर काल संध्याकाळी आला होता आणि आता पावणेदहा झाले होते.

काम तसं सरळ होतं. सेन्सरच्या दोन पोर्टांची, म्हणजे केबलच्या खाचांची, जोडी लावायची; एकातून आलेली माहिती सेन्सर तपासतो आणि दुसऱ्यातून पुढे सोडतो. सेन्सरला हुकूम देण्याचा पोर्ट तेवढा मोकळा ठेवायचा. घाईत नौफलने नेमका तोच जोडीत घातला आणि बटण दाबलं.

पडदा गोठला. सेन्सर आता त्याचं काही ऐकेना, आणि माहितीही पुढे जाईना. शेजारच्या खोल्यांतून एकेक डोकं बाहेर आलं.

"माझा मेल अडकलाय."

"टेबलावरचा फोनही मेलाय!"

"घाबरू नका, सेन्सर तपासणी करतोय," नौफल म्हणाला. हे सगळ्यांना पटलं, म्हणून त्याला जास्तच भीती वाटली.

आता सेन्सरला थेट केबल लावायची, एवढाच उपाय होता. सर्व्हर रूमपाशी जाऊन त्याने कार्ड दाखवलं. लाल दिवा. कार्ड खरं की खोटं हे दार नेटवर्कला विचारायचं, आणि नेटवर्क तर त्यानेच बंद पाडलं होतं. कुलपाची किल्ली होती, पण हरवू नये म्हणून ती त्याने त्याच खोलीतल्या खणात ठेवली होती.

सव्वाअकरापर्यंत तो दाराशी झटत राहिला. सी तिजानी मागे येऊन उभे राहिले.

"पाच मिनिटं झाली का?"

"होत आलीत, सी तिजानी."

"दार फोडू?"

"भक्कम आहे. मीच मागवलंय."

स्वयंपाकघरातून मबरूका मावशी बादली घेऊन आल्या. "काय रे, आत जायचंय? मग तिथे कशाला डोकं आपटतोस? मागच्या कोठाराकडून ये."

"तिकडून वाट आहे?"

"भिंतीत झडप आहे की. आत गार असतं, मी रोज मासे ठेवते."

नौफल कोठाराकडे धावला. झडपेतून आत शिरला, माशांची टोपली बाजूला सरकवली, केबल लावली, हुकमाचा पोर्ट जोडीतून काढून योग्य पोर्ट घातला. बाराला दहा कमी असताना ऑफिस जिवंत झालं. त्याने पहिल्यांदा श्वास घेतला, तेवढ्यात मोबाईल वाजला. मादाम सिहेम.

"नौफलभाऊ, अभिनंदन! दहापासून एकही हल्ला तुमच्या आत शिरला नाही. अहवालात लिहितेय, 'निर्दोष बंदोबस्त'."

आता उघडलेल्या दारातून सी तिजानी डोळ्यांनीच 'पास?' विचारत होते. नौफलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माशांकडे. त्याला खोटं जमत नसे. ते शिकायला वेळच मिळाला नव्हता.

"मादाम, आमचं नेटवर्क दहापासून बंदच होतं. माझ्याच चुकीने. हल्ला येणार कुठून?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मादाम?"

"हल्ला मी केलाच नव्हता," मादाम हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडेही आज सकाळी नवा सेन्सर बसवलाय. तेव्हापासून सगळं ठप्प आहे. आमचा माणूस पाच मिनिटं म्हणाला होता."

"कुठला पोर्ट घातला जोडीत?"

"मला काय ठाऊक? तुम्ही कसं सुरू केलंत ते सांगा ना."

"सांगतो. पण आधी ते 'निर्दोष' खोडा. तपासणी उद्या खरीखुरी करा."



"आधी सांगा," त्या म्हणाल्या.