थकीत वेबसाइट

वेबसाइट परत केली नाही म्हणून पोस्टकार्ड आलेला सातपुरात मी एकटाच असेन. "आपणांकडे कढीपत्त्यासंबंधीचे एक संकेतस्थळ मुदत संपूनही थकीत आहे. त्वरित वाचनालयात यावे." खाली सही, निकमबाई, ग्रंथपाल.

मी चौथी शिकलेला, जन्म कंपनीत लेथवर गेला. तरी एवढं कळतं, की वेबसाइट पिशवीत घालून घरी आणता येत नाही. पण हे निकमबाईंना सांगणार कोण?

वाचनालयात पुस्तकांच्या कार्डांचा लाकडी खण असतो ना, तसा बाईंनी वेबसाइटींचा केला होता. एका साइटला एक कार्ड. वर विषय, तोही आपण बोलतो त्या शब्दांत. 'गुडघे धरतात'. 'पेन्शन अडकली'. खाली पत्ता, आणि आत इंग्रजीत काय लिहिलंय ते तीन ओळी मराठीत. दर शनिवारी खण घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि एकेक पत्ता उघडून बघायच्या. साइट बंद पडली असेल तर कार्डावर लाल शिक्का, 'गहाळ'. "वस्तू जागेवर पाहिजे," हे त्यांचं पालुपद.

शेजारचा नेटकॅफेवाला हसायचा. "बाई, नुसता शब्द टाका, सगळं येतं."

"सगळंच येतं, तोच तर त्रास आहे," बाई म्हणायच्या.

माझी बायको सुमन गेली त्याला चार महिने झाले होते. दारातला कढीपत्ता तिचा. सगळी गल्ली न्यायची आणि ती आतून ओरडायची, "ओरबाडू नका मेल्यांनो, खुडा!" ती गेली आणि पानं काळी, चिकट पडली. कोणी मागायला येईना. मला वाटलं, आता हेही चाललं. नेटकॅफेवाल्याकडं गेलो, त्यानं शब्द टाकला, तर चटणीच्या कृतीच कृती! इथं झाड मरतंय आणि हा मला चटणी दाखवतो.

मग निकमबाईंकडं गेलो.

"काळी म्हणजे कशी? पुसलं तर बोटाला लागतं का?"

"बाई, सोयरीक जुळवताना पण एवढ्या चौकशा करत नाहीत."

"पुसून बघा, मग या."

आलो घरी, पुसलं, बोट काळं झालं. परत गेलो, बोट दाखवलं. बाईंनी 'पानं चिकट' हे कार्ड काढलं आणि चिठ्ठीवर उतरवून दिलं : किडीच्या चिकट पाण्यावर काजळी चढते, साबणाच्या पाण्यानं पानं खालून धुवावीत. वर तारखेचा शिक्का. सात दिवसांत परत करायची.

चिठ्ठी खिशात राहिली. मी रोज सकाळी पान न् पान धूत बसलो. तिसऱ्या आठवड्यात कोवळी पालवी फुटली, आणि त्याच दिवशी ते पोस्टकार्ड आलं.

एक फांदी तोडून तावातावानं गेलो. "ही घ्या तुमची चिठ्ठी. वेबसाइट काय मी खाल्ली का?"

बाईंनी एक पान मोडून हुंगलं. मग ते कार्ड काढून उलटं केलं. मागं आधीच्या लोकांचं लिहिलेलं होतं. 'गुलाबाला लागू पडलं.' 'मिरचीला नाही.'

"बोला. किती दिवसांत फरक पडला?"

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या.

"नाव काय घालू?"

"सुमनचं घाला. झाड तिचं."

त्यांनी घातलं, नीट अक्षरात.

"पण बाई, चिठ्ठीला मुदत कशाला?"

"नाहीतर आला असतात का? पत्ता नेतात, पुन्हा कोणी फिरकत नाही. झाड जगलं का मेलं, मी कुणाला विचारायचं?" बाईंनी चष्मा पुसला. "घरी गेलं की तेच डोक्यात. दुसरं कोणी आहे कुठं बोलायला?"

मी फांदी पुढं सरकवली.

"एवढा काय करू? एकटीच्या वरणाला दोन पानं पुरतात."

"दोन घाला. उरलेला वाळला तर टाकून द्या. शनिवारी ताजा आणतो."

"नक्की?"

"मारा की शिक्का!"

बाईंनी कोरी चिठ्ठी घेतली आणि शनिवारची तारीख मारली.

घरी आलो तर शेजारची मंदा झाडाशी उभी. "काका, चार पानं घेऊ का?"

"घे. पण ओरबाडू नको, खुड," मी म्हणालो. "आणि शनिवारला ठेव थोडी."