खांबेट्यांच्या छातीतला परका श्वास

तो वार मंगळवार होता की बुधवार, हे वामनराव खांबेट्यांना आता खात्रीने सांगता येत नाही. पण फुप्फुसांच्या तपासणीत त्यांच्या छातीतून दुसऱ्याच माणसाचा श्वास निघाला, एवढं नक्की.

सूचना त्यांनी सगळ्या पाळल्या होत्या. पोटभर जेवले नव्हते, सदरा सैल होता, डॉक्टरांना विचारून दम्याचा सकाळचा पंपही टाळला होता. भूगर्भशास्त्रातली डॉक्टरेट असूनही नळी ओठांत नीट धरली आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारलं.

तपासणी करणाऱ्या शिरोडेबाईंनी नाकाला चिमटा लावला. "फुंका! अजून, अजून... सोडू नका!"

तीन फुंका जुळाव्या लागतात. दोन जुळल्या. तिसरी भलतीच लांबली.

"आजोबा, हा तुमचा नाही," पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या. "पुरुष, वय चौदा. कुणाचा आणलात?"

वामनरावांना विहीर आठवली. नऊ वर्षांचे असताना ते विहिरीत बुडाले होते. 'तोंडाने श्वास भरून मी तुला जगवलं,' असं पाच वर्षांनी थोरला भाऊ अण्णा सांगत आला. वामनराव म्हणत, पुरावा काय? त्यावरून दोघांचं बोलणं तेवीस वर्षं बंद होतं.

बाईंनी श्वास पिशवीत बांधून दिला. "मालकाची सही आणा. त्याशिवाय रिपोर्ट नाही, रिपोर्टशिवाय हर्नियाचं ऑपरेशन नाही."

अण्णाने दार उघडलं, पिशवी पाहिली. "काय रे, मिळाला पुरावा?"

"मिळाला. परत घेतल्याची सही हवी आहे."

"साठ वर्षं वापरलास आणि आता परत? ठेव तुझ्याकडे."

"नियमात बसत नाही, अण्णा."

"मग बक्षीस दिला असं लिही. शिकलेला ना तू?"

सही करताना अण्णा दोनदा दम खायला थांबला. मग म्हणाला, "दारात काय उभा? चहा टाकतो."

चहा पांचट होता. वामनराव दोन कप प्याले.

बक्षीसपत्र नियमात बसलं. बाईंनी पिशवी नळीला लावून श्वास परत भरला. ऑपरेशन झालं.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी त्याचे कागद आवरताना वामनरावांना एक रिपोर्ट सापडला. शंका नको म्हणून ते दवाखान्यात जाऊन नोंदवहीशीही ताडून आले. तारीख त्या सहीच्या आदल्या वर्षाची होती. शेरा होता: दम लागण्याचं कारण, एक श्वास कमी, वय चौदापासून. रुग्णास कल्पना दिली आहे.