मॅग्नमचा सूतभर मोठेपणा

माणसाची इभ्रत आवाजावर मोजतात, आणि ज्या समाजाला हे लवकर कळतं तो समाज पुढे जातो. मोंटानातलं आमचं कोल क्रीक गाव या बाबतीत बरंच पुढे गेलेलं आहे. (कानाने तेवढे निम्मे पुरुष मागे राहिले.)

गावच्या रिव्हॉल्व्हर मंडळाचा मी चिटणीस, तेव्हा जे सांगतो ते अधिकाराने सांगतो. आमच्या रिव्हॉल्व्हरात दोन जातींची काडतुसं चालतात. एक साधं अडतीस, दुसरं मॅग्नम. जाडी दोघांची सारखीच. मॅग्नम फक्त सूतभर लांब, आणि आत दारू ठासून भरलेली. अडतीसचा बार झाला तर कुत्रं मान वर करतं. मॅग्नमचा झाला तर कुत्रं पलंगाखाली जातं, शेजारी खिडकीत येतो, आणि उडवणाऱ्याचं मनगट दोन दिवस चमचा धरत नाही. एवढे फायदे एका वस्तूत सहसा मिळत नाहीत.

मंडळाने मध्यंतरी रीतसर पाहणी केली. मॅग्नम संरक्षणासाठी हवं, असं सांगणारे सभासद: सगळे. संरक्षण अस्वलापासून, असं सांगणारे: सगळे. अस्वल प्रत्यक्ष पाहिलेले: तिघे, पैकी एकाने प्राणिसंग्रहालयात. निव्वळ आवाज आवडतो म्हणून मॅग्नम वापरणारे: लेखी उत्तरांत एकही नाही. पाहणी समाधानकारक झाली, असा ठराव करून आम्ही पाय खाल्ला. (सफरचंदाचा. अध्यक्षांच्या बायकोने केला होता.)

शनिवारी मैदानावर जमायची आमची एक पद्धत आहे. पहिला बार मॅग्नमचा, सर्वांच्या देखत. मग लोकांकडे पाठ करायची आणि खिशातून हळूच अडतीसची काडतुसं भरायची. बाकीचे तेवढ्यात आभाळाकडे बघून पावसाबद्दल बोलतात. याला आमच्याकडे सभ्यता म्हणतात.

हार्लन स्टब्ज हा आमचा सर्वांत जुना सभासद. संधिवाताने त्याची मनगटं पार गेलेली, त्यामुळे तो पहिला बारही अडतीसचाच काढायचा. "मॅग्नमच होतं," तो म्हणायचा, "वाऱ्याने आवाज खाल्ला." वारा नसतानाही आम्ही माना डोलवायचो. म्हाताऱ्याचा मान राखायला काय लागतं?

आता थोडं शास्त्र. अडतीस आखूड असल्यामुळे त्याची काजळी रिव्हॉल्व्हरच्या चक्रात नेमकी तिथे साचते, जिथे मॅग्नमचा तो जास्तीचा सूत बसायचा असतो. वर्षानुवर्षं साचली की तिचं घट्ट कडं होतं. ब्रशने घासलं की जातं. पण ब्रश मागायचा म्हणजे आपण अडतीस उडवतो हे दुकानात चारचौघांत कबूल करायचं. दुकानदाराने शेवटी ते ब्रश ठेवणंच बंद केलं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी हार्लनची बायको वर्ना कोंबड्यांना दाणे घालायला खुराड्यात गेली, आणि मागून दारापाशी अस्वल आलं. हार्लन घराच्या पायरीवर, मधे अस्वल, आणि त्याच रेषेत पलीकडे खुराड्याच्या दारात बादली धरून वर्ना. कुंपणाशी शेजारचा डूई क्रांट्झ तार ओढत होता. पुढचं सगळं मला त्याच्याकडून कळलं.

"हार्लन," वर्ना म्हणाली, दूध उतू चाललंय असं सांगावं तशी, "इथे अस्वल आलंय. नि मी आत आहे."

हार्लन रिव्हॉल्व्हर आणि मॅग्नमची पेटी घेऊन धावत आला. काडतूस आत गेलं ते सूतभर बाहेरच राहिलं. दुसरं घातलं, तेही तसंच. चक्र काही मिटेना.

"हाण की लेका," डूई म्हणाला. "मुहूर्त बघतोयस का?"

"भरतोय."

"ते सांडलेल्या दाण्यांवर आहे तोवर भर. दाणे संपले की तिच्याकडे वळेल."

"मॅग्नम आहे, डूई. घाई करून चालत नाही."

त्याच्या खिशात अडतीसची मूठभर काडतुसं होती. लोण्यात सुरी जावी तशी आत गेली असती. त्याचा हात खिशापर्यंत गेला. मग त्याने डूईकडे पाहिलं, आणि हात परत आला.

"अरे, खिशातली घाल ना," वर्ना म्हणाली. "हवेत उडव एक. आवाजाने जाईल ते."

"कुठली खिशातली?"

"हार्लन, तुझ्या पँटी मी धुते."

बायकोवर हार्लनचा फार जीव, हे अख्खं गाव जाणतं. पण डूईचा कान तयार आहे. अडतीसचा बार तो झोपेतही ओळखतो. हार्लन ओल्या डोळ्यांनी अंगठ्याने मॅग्नम दाबत राहिला, अस्वल एक पाऊल खुराड्याकडे सरकलं, आणि वर्नाने पत्र्याची बादली त्याच्या नाकाडावर घातली.

"निघ, मेल्या! लाज नाही वाटत?"

अस्वल सावकाश निघून गेलं. (हार्लनला क्षणभर वाटलं, आपल्यालाच म्हणाली.)

मंडळाने त्याच शनिवारी खास बैठक घेतली. अस्वलाने मॅग्नम पाहून माघार घेतली, असा ठराव एकमताने झाला. बादलीची नोंद 'इतर आवाज' या सदरात केली. हार्लनला धीर यावा म्हणून आम्ही प्रयोग केला: अस्वलाच्या जाडीइतकी बटाट्यांची पोती रचली, पलीकडे फळी उभी केली आणि एक मॅग्नम झाडलं. गोळी पोत्यांतून गेली, फळीतून गेली आणि अध्यक्षांच्या गाडीच्या रेडिएटरात थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या.

हार्लनने नाही वाजवल्या. तो फळीपाशी गेला आणि त्या भोकात बोट घालून बराच वेळ उभा राहिला. मग घरी गेला. आता तो शनिवारी येत नाही. खुराड्यात जातो म्हणे, वर्नाबरोबर. चांगला सभासद गेला, याचं आम्हाला वाईट वाटतं.

त्याची जागा रिकामी आहे, आणि तुम्ही तिला लायक आहात असं माझं प्रामाणिक मत झालंय. चक्र मिटत नव्हतं तेव्हा तुमचाही जीव वरखाली झाला. एकदाचं ते मॅग्नम बसावं आणि बार उडावा, असं तुम्हालाही वाटलं. नाही म्हणू नका, लेखी कोण मागतंय? हार्लन पायरीवर होता, अस्वल मधे होतं. त्याच्या बरोब्बर मागे कोण उभं होतं, ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं.