दोन वाट्या साखरेची केस

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो. या शतकाचा मान आमच्या घराला मिळाला. बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीवर मी एकतीस वर्षं काढली. नुसती छत्रीची मूठ पाहून मालकाचा स्वभाव सांगायचो. मालक बहुतेक वेळा भलताच निघायचा, पण त्याला मी काय करणार? निवृत्त झाल्यापासून मी पूर्णवेळ तपासाला वाहून घेतलं आहे. लोक मला बारीकराव म्हणतात. माझं वजन ब्याण्णव किलो. त्यामुळे हे नाव माझ्या नजरेवरूनच पडलं असणार, हा माझा पहिला यशस्वी तर्क.

माझा सहायक म्हणजे माझा मेहुणा. आठ दिवसांसाठी आला होता, त्याला आता तीन वर्षं होतील. मी निष्कर्ष काढायचे आणि त्याने ते वहीत उतरवायचे, अशी आमची वाटणी आहे.

त्या शनिवारी सकाळी कपाटातून माझा पांढरा सुती सदरा गायब झाला.

"तो कॉलर फाटलेला?" मेहुण्याने विचारलं.

"कॉलर फाटली म्हणून सदरा बेवारस होत नाही. लिही."

आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. साखरेचा डबा अर्ध्यावर आला होता. ओट्यावर चार लिंबांच्या पिळून काढलेल्या साली होत्या. गॅसवर एका पातेल्यात काहीतरी तपकिरी रटरटत होतं आणि शेजारी त्याचा एक थेंब सांडून वाळला होता. मी तो खरवडून चाखला.

"विष!"

"मग चाखलंत कशाला, भावजी?"

"म्हणूनच मी गुप्तहेर आहे आणि तू मेहुणा."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. ती फोनवर कुजबुजत होती. मी दाराला कान लावला. मेहुण्याने माझ्या पाठीला लावला.

"हो, गोळी झाली की लगेच बंद करते... पहिलीच वेळ आहे ना... सासूबाईंना खुर्चीत बसवलंय. ओरडल्या तरी थांबायचं नाही ना? एकाच झटक्यात? बरं... छे, ह्यांना काही पत्ता नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. गेले काही दिवस सासू-सुनेचं फारच गूळपीठ जमलं होतं. मी उगाच खूश होतो! आता सगळे धागे जुळले. सदरा फाडून पट्ट्या केल्या, त्या हातपाय बांधायला. विष पातेल्यात शिजतंय. विष नाही चाललं, तर गोळी तयार आहेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, आणि तिच्यासाठी दोन-दोन बंदोबस्त!

"पण ताई तर मुंगीसुद्धा मारत नाही," मेहुणा म्हणाला.

"मुंग्यांना साखर घालते ना? ती सवय लावण्यासाठी. लिही."

मी फडक्याने पातेलं उचललं, धावत बाल्कनीत गेलो आणि ते गार पाण्याच्या बादलीत बसवलं. विष बघता बघता दगडासारखं झालं. त्यात बुडालेला चमचा उभाच राहिला. मी तो उपटायला गेलो, तर पातेलंच वर आलं.

बायको धावत आली. "अहो, काय केलंत हे? द्या इकडे! भाजलं नाही ना?"

"माझी काळजी करण्याचं नाटक नको. गोळी कुठे आहे?"

"कसली गोळी?"

तेवढ्यात बेल वाजली. मेहुण्याने दार उघडलं. सिलिंडरवाला खांद्यावरचं ओझं उतरवत आत आला, त्याने नाक वर करून वास घेतला आणि माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"वॅक्स का, वहिनी? साखर जास्त शिजली हो. माझी बायको घरीच करते. पाण्यात थेंब टाकायचा, त्याची मऊ गोळी झाली की गॅस बंद."

मेहुण्याने वहीत काहीतरी खोडलं.

आतल्या खोलीचा पडदा सरकला. गळ्याभोवती टॉवेल, हनुवटीवर पावडर, अशी आई बाहेर आली.

"झालं समाधान? म्हणून हिला म्हणत होते, ह्याला सांगू नकोस."

आज दुपारी तिच्या शाळेतल्या मैत्रिणी जमणार होत्या. साठ वर्षांनी. आईच्या हनुवटीवर चार-पाच राठ केस आले होते. चिमटा धरावा तर तिला दिसत नव्हतं. पार्लरमध्ये जायची तिला लाज वाटत होती.

"नातीच्या वयाच्या पोरींसमोर हनुवटी वर करून बसू? हिला म्हटलं, घरातच बघ काहीतरी." ती टॉवेल सोडू लागली. "राहू दे आता. डोकं दुखतंय म्हणून कळवा त्यांना."

आईने डोकं दुखतंय म्हटलं की दुखत दुसरंच काहीतरी असतं. एवढा एक निष्कर्ष मला आयुष्यात बरोबर काढता येतो. मी पातेलं सिलिंडरवाल्यापुढे धरलं.

"हे सुधारेल?"

"सुधारेल की. दोन चमचे पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. ढवळायचा कंटाळा करू नका."

मी पंधरा मिनिटं ढवळलं. दगडाचा पाक झाला, पाकाचा रंग मधासारखा झाला. बायकोने थेंब पाण्यात टाकला. मऊ गोळी! पातेलं कोमट होईपर्यंत आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो.

"थेट सासूबाईंना नको लावायला," बायको म्हणाली. "आधी कुणाच्या तरी हातावर बघू."

मेहुण्याने दोन्ही हात खिशात घातले. सिलिंडरवाल्याला एकाएकी पुढची घरं आठवली. बायकोने माझी बाही वर सारली, कोपराखाली पाक पसरला आणि माझ्याच सदऱ्याची पट्टी त्यावर दाबली.

"दुखेल का गं?"

"केसभर."

तिने पट्टी ओढली.

"आई गं!"

"इथेच आहे मी," आई म्हणाली.

वेदनेच्या भरात मी डेपोतून एक निळी छत्री घरी आणल्याचंही कबूल केलं. मेहुण्याने ते न सांगता लिहून घेतलं.

आता आईचा नंबर आला. चार पट्ट्या, चार झटके. तिने हूं की चूं केलं नाही. मग खिडकीपाशी आरसा घेऊन गेली आणि हनुवटीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली. बायको तिच्या लाल झालेल्या कातडीवर बर्फ फिरवत होती. मी गाडी बोलवायला खाली उतरलो.

संध्याकाळी आई आली ती हसतच.

"ओळखलं का तुला सगळ्यांनी?" मी विचारलं.

"सगळ्यांनी. मलाच त्या ओळखू येईनात. अरे, निम्म्या जणींना मिशा फुटल्यात!" ती खुर्चीत टेकली आणि बायकोला म्हणाली, "पुढच्या रविवारी पाच जणी येतायत. साखर जास्त आणून ठेव."

मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"आणि तू त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाल."